परक्या फौजेशी बोलायचं तर

फौजेची नोकरी संपवून शहापुरात राहायला आलो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी माझ्याकडे येतात. आधी धावणं, मग बोलण्याचा सराव. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना भाषेबद्दल जे पटलं, तेच त्यांना शिकवतो.

१. भाषेला एकच गुण देऊ नये. नाटो देशांचं भाषेसाठी एक मानक आहे, स्टॅनॅग ६००१. त्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींची पातळी शून्य ते पाच अशी वेगवेगळी ठरवतात. एखाद्याची नोंद ३-२-३-१ असेल तर अधिकाऱ्याला लगेच समजतं: ऐकण्या-वाचण्यात पक्का, बोलणं कामापुरतं, लेखी अहवाल मात्र दुसऱ्याकडून घ्यावा. दहावीच्या इंग्रजीच्या गुणांवरून असं काही कळत नाही. भारत नाटोत नाही, पण चांगली पद्धत कुणाचीही घ्यावी. मी प्रत्येकाच्या वहीत चार रकाने आखले आहेत. टोकावड्याचा एक मुलगा इंग्रजी धडा न अडखळता वाचतो, पण साधा प्रश्न विचारला की गप्प होतो. खर्डीची मुलगी महामार्गावरच्या ढाब्यावर वाढलेली, तिचं हिंदी फडाफडा. अर्ज लिहायचा म्हटलं की हात थांबतो. दोघांना एकच धडा देऊन काय उपयोग?

२. परीक्षा कामासारखी हवी. गोमा शहराच्या परिसरात आमच्या आजूबाजूला दक्षिण आफ्रिकेचे आणि उरुग्वेचे सैनिक होते. वायरलेसवर सगळे इंग्रजीत बोलत आणि प्रत्येकाचं इंग्रजी निराळं. त्यात खरखर आणि घाई. व्याकरणात पहिला आलेलाही तिथे गडबडू शकतो. म्हणूनच अक्षरं 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशी सांगतात आणि आकडे सुटे सुटे उच्चारतात. आपल्या मुलांना याचा दुहेरी फायदा आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, इंग्रजीत वीस आधी. घाईत ऐकून लिहिताना आकडा उलटतो. 'टू, फाइव्ह' म्हटलं की उलटायला जागाच उरत नाही. गाडीच्या वेळेला आसनगाव स्टेशनबाहेर उभं करून मी मुलांना फोनवरून आकडे सांगतो. शांत खोलीत सगळ्यांनाच ऐकू येतं.

अनेक देशांच्या सैनिकांशी बोलायची ही वेळ आपल्या देशातही येते. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधला 'फोर्स १८' हा अठरा देशांचा सराव झाला. विषय होते भूसुरुंग काढणं आणि शांतिरक्षण. भारतीय तुकडीचं नेतृत्व तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. त्या २००६ मध्ये काँगोच्या मोहिमेवर होत्या. सुरुंगाच्या जागेवर 'थांब' ही सूचना उशिरा समजली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

३. दुभाषा असला तरी बोलणं आपलंच असतं. वाक्य छोटं ठेवायचं आणि बघायचं ते समोरच्या माणसाकडे, दुभाष्याकडे नाही. काँगोतल्या गावात वडीलधाऱ्याला स्वाहिलीत 'जांबो', म्हणजे नमस्कार, म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

४. घरच्या बोलीची लाज बाळगू नये. ठाकर, कातकरी, आगरी घरांतली मुलं घरी एक बोलतात, शाळेत दुसरं, बाजारात तिसरं. भाषा बदलण्याचा हा सराव शहरातल्या कितीतरी मुलांना नसतो. अशा मुलाला 'तुझी भाषा अशुद्ध' असं म्हणणारा शिक्षक त्याचं मोठं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

५. अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा २०२५ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. हे फार चांगलं झालं. पण भरती झाल्यावर रोजचं काम हिंदीत चालतं आणि परदेशी मोहिमेवर इंग्रजीत. लष्करी निरीक्षक म्हणून जायचं तर इंग्रजी आणि गाडी चालवणं, दोन्ही यावं लागतं. ही तयारी निवड झाल्यावर सुरू करून भागत नाही.

किन्हवली, सरळगाव, धसई, डोळखांब या भागांत राहणाऱ्या निवृत्त फौजी भावांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी देशोदेशीच्या सैनिकांबरोबर काम केलं आहे. रविवारी तासभर आपल्या गावातल्या मुलांशी हिंदी-इंग्रजीत बोला. पुस्तक नसलं तरी चालेल.