नाटक-सिनेमाचे क्षेत्र आणि आमची मुले : अभिनय व पटकथालेखनाच्या वाटेवर

दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या सभागृहात एकांकिका होतात. टाळ्या पडतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्र दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका एकांकिकेत बारावीतील एका मुलीने आजीचे काम असे केले की, सभागृहातील बायका पदराने डोळे पुसू लागल्या. कार्यक्रम संपल्यावर तिने आम्हाला विचारले, "काका, हे शिकायचं असेल तर कुठं जावं लागतं?" आम्ही हसून म्हणालो, "आधी डी.एड. कर, नोकरीचं बघ." आम्ही वाईट हेतूने बोललो नव्हतो. परंतु खरी गोष्ट अशी की, तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊकच नव्हते. अज्ञान झाकण्यासाठी आम्ही उपदेश केला. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून हा लेख.

परंपरा आपलीच आहे

कला हा रिकामटेकड्यांचा उद्योग, ही समजूत आपल्या समाजाने तरी करून घेण्याचे कारण नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी चळवळीचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोचविला तो गाणे, संवाद आणि सोंग यांच्याच बळावर. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांच्या नाटकांनी मराठी रंगभूमीला नवे प्रश्न विचारले. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जेमतेम लाभली, तरी त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले.

अलीकडचे उदाहरण नागराज मंजुळे यांचे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा तरुण. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री' (२०१३), 'सैराट' (२०१६) आणि 'झुंड' (२०२२) आले. येथे विद्यार्थ्यांनी क्रम लक्षात घ्यावा. आधी वाचन व कविता, मग शिक्षण, मग छोटा लघुपट आणि त्यानंतर मोठा चित्रपट. एकदम माडीवर उडी कोणी मारलेली नाही, पायरी पायरीनेच चढावे लागते.

नीरज घेवान यांनी अभियांत्रिकी व व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन नोकरी केली, मग ती सोडून सहायक म्हणून काम शिकले. त्यांचा 'मसान' २०१५ साली कान महोत्सवात गौरविला गेला. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला, तो उतारवयात. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ साली कोरोनाने साथीदार गेले, परंतु त्यांनी आयुष्यभर रस्त्यावर गायलेला आवाज पडद्यावर राहिला.

शिक्षण कोठे मिळते

पुण्यास भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था (एफटीआयआय) आहे. जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली ती स्थापन झाली. तेथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांच्या जोडीने अभिनय व पटकथालेखनाचेही अभ्यासक्रम आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) १९५९ सालचे. तेथील मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. मात्र पदवी आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणून पदवी अर्धवट सोडून मुंबईची गाडी पकडणे हा शहाणपणा नव्हे.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्र अकादमी आणि छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग येथे रीतसर शिक्षण मिळते. शासकीय संस्थांत राखीव जागा असतात. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. त्यामुळे जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. प्रवेशाची जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावपळ करणारा विद्यार्थी हमखास मागे पडतो.

अभिनय : आवाज, शरीर, भाषा

अभिनय म्हणजे आरशासमोर नटाची नक्कल नव्हे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे. वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचावा तसाच नाटकातील उताराही वाचावा. श्वास कोठे संपतो, शब्दाचा शेवट कोठे गिळला जातो, हे ध्यानात येते. माणसे पाहावीत. रेशनच्या रांगेतील म्हातारी पिशवी कशी धरते, पगाराच्या दिवशी कामगार कसा चालतो, याची वही ठेवावी.

भाषेविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या मुलांना 'न' आणि 'ण' वरून वर्गात हसतात आणि मूल तोंडच मिटून घेते. प्रमाण भाषा अवश्य शिकावी, कारण ती नटाचे एक हत्यार आहे. परंतु घरची बोली टाकू नये. 'सैराट' करमाळ्याकडच्या बोलीत बोलला आणि साऱ्या महाराष्ट्राला कळला. अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला त्याच कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. ज्या बोलीला वर्गात हसतात, तीच पडद्यावर भांडवल ठरते.

रंगमंचाचा सराव महाविद्यालयातच सुरू करावा. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या अनेक केंद्रांवर होतात. भूमिका मिळाली नाही तरी प्रकाशयोजना, नेपथ्य, प्रॉम्प्टिंग यांपैकी काहीही करावे. सारे नाटक आतून कळते.

पटकथा : जे दिसते तेच लिहावे

कथा लिहिणारा प्रत्येक जण पटकथा लिहू शकतो असे नाही. कथेत 'वडील फार कष्टी होते' असे लिहिता येते, कॅमेऱ्याला मात्र ते दिसत नाही. पटकथेत लिहावे लागते : वडील मुलाच्या फीसाठी नोटा मोजतात. बसभाड्यासाठी दहाची नोट बाजूला काढतात, क्षणभर थांबतात आणि तीही गड्डीत ठेवतात. एकही संवाद नाही, तरी आता वडील घरी चालत जाणार, हे प्रेक्षकाला कळते.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम दोन ओळींत कथाबीज : कोणाला काय हवे आहे आणि आड काय येते? मग एका पानाचा सारांश, त्यानंतर दृश्यांची यादी आणि शेवटी संवादांसह पटकथा. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर स्थळ, आत की बाहेर, दिवस की रात्र हे नोंदवावे. प्रचलित मांडणीत साधारण एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट, असा ढोबळ हिशेब आहे. विद्यार्थ्यांनी पहिल्याच खेपेस दोन तासांचा चित्रपट लिहायला घेऊ नये. दहा पानांचा लघुपट पूर्ण लिहावा. आज तो मोबाईलवर चित्रित करता येतो. अपुऱ्या राहिलेल्या दहा पटकथांपेक्षा एक पुरा लघुपट अधिक शिकवतो.

हक्क आणि फसवणूक

भोळेपणाने आपली मुले नागवली जातात. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. तो तिच्या मांडणीवर असतो. म्हणून चहाच्या टपरीवर गोष्ट सांगत फिरू नये. ती आधी कागदावर उतरवावी. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन पटकथेची नोंदणी करता येते. वाद झाल्यास तारखेचा पुरावा राहतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटातील लेखकाला मानधनाच्या हक्काचे संरक्षणही दिले आहे. तेव्हा करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये, समजले नाही तर वस्तीतील वकिलाला दाखवावे.

आमच्याच वस्तीतील एका मुलाने 'मालिकेत काम नक्की' म्हणून एका मध्यस्थाला पैसे दिले. त्याच्या आईने त्यासाठी कानातले मोडले होते. महिन्याभरात त्या कचेरीला कुलूप लागले. म्हणून नियम एकच : काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याने ते द्यायचे नसतात. निवडचाचणीसाठी कोणी पैसे मागितले तर तेथूनच परत फिरावे. मुलींनी चाचणीस एकटे जाऊ नये. ठिकाण व वेळ घरी लिहून ठेवावी.

पोटाचा प्रश्न

या क्षेत्रात प्रत्येकाला यश मिळत नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. काम मिळाले तरी पैसा दरमहा येत नाही. म्हणून जोडीला एक कसब हवे. संकलन, ध्वनिमुद्रण, भाषांतर, रंगभूषा, शिकवणी यांपैकी काहीही चालेल. संकलन किंवा ध्वनी शिकलेल्या मुलाला रोजगार तुलनेने लवकर लागतो आणि तो चित्रपटाच्या जवळच राहतो. घरच्यांशी बसून मुदत ठरवावी : इतकी वर्षे प्रयत्न, इतका खर्च, मग फेरविचार. हिशेब मांडलेला असला की आईबापांचा धीर सुटत नाही.

संस्थेने काय करावे

आपले सभागृह आठवड्यातील पाच दिवस बंद असते. दोन संध्याकाळी ते तालमीसाठी द्यावे. वाचनालयात नाटकांचे व पटकथांचे एक कपाट असावे. प्रवेशपरीक्षेला पुण्या-दिल्लीस जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च शिक्षणनिधीतून व्हावा. अभियांत्रिकी-वैद्यकीयला गेलेल्या मुलांचा सत्कार करतो, तसा नाट्यशास्त्राला गेलेल्या मुलीचाही करावा.

ती मुलगी आज एका शाळेत शिक्षिका आहे. चांगली शिकविते, असे ऐकतो. गेल्या जयंतीला तिच्या वर्गातील मुलांनी एकांकिका केली. लिहिलेली व बसविलेली तिनेच. कार्यक्रमानंतर आम्ही तिला वर दिलेली संस्थांची यादी दिली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "काका, माझ्या वर्गातली एक पोर आहे, तिला देते." यादी योग्य हाती गेली, एवढेच समाधान. फक्त ती एका पिढीने उशिरा गेली. पुढच्या मुलीला इतका उशीर होऊ नये, ही जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.