बॅनरच्या कोपऱ्यातलं नाव

प्रश्न : आमच्या भागात ग्राफिक्सचं एक छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मालक आणि हाताखाली एक मुलगा. गणेश मंडळाची पावतीपुस्तकं, रक्तदान शिबिराचा फलक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, नवरात्रात पाणपोईचा बॅनर हे सगळं मालकच करतो आणि पुष्कळदा पैसे घेत नाही. फक्त कोपऱ्यात ‘सौजन्य’ लिहून दुकानाचं नाव टाकतो. याला समाजकार्य म्हणायचं की स्वस्तातली जाहिरात? आणि फुकट करून त्याचं भागतं कसं?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : भागण्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर चालतो. दहा बाय आठचा बॅनर म्हणजे ८० चौरस फूट. मजकूर चार ओळींचा असो की चाळीस, पैसे ८० फुटांचेच. त्यातला मोठा वाटा ज्याच्याकडं मशीन आहे त्याला जातो. दोन कॉम्प्युटरच्या दुकानात असं मशीन सहसा नसतं. तिथं फाइल तयार होते, ती मशीनवाल्याकडं जाते, छापून येते, कडांना आयलेट मारून गिऱ्हाइकाच्या हातात पडते. डिझाइनचे वेगळे पैसे मागायची आपल्याकडं रीतच नाही. ‘तुम्ही नुसतं बसून माऊस तर हलवलात, त्याचे कसले पैसे?’ असं तोंडावर म्हणणारी माणसं या धंद्यातल्या प्रत्येकाला भेटलेली असतात. म्हणजे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाही डिझाइन फुकटच मिळत असतं, फक्त ते त्याच्या लक्षात येत नाही.

तेव्हा तुमच्या दुकानदाराचं ‘फुकट’ नेमकं कोणतं, हे विचारायला हवं. छपाईचे पैसे मंडळानं दिले आणि यानं आपला नफा सोडला, तर त्याचे गेले ते तास. सीझनमध्ये ते तासही महाग असतात, पण खिशातून रोकड जात नाही. छपाईही यानंच भरली असेल, तर ती रोख देणगी आहे. ८० फुटांचं बिल मशीनवाला त्याच्याकडूनच वसूल करतो. पावतीपुस्तकांत तर कागद, नंबरिंग, बाइंडिंग असा खर्च वाढत जातो. पहिल्या प्रकारची मदत हा माणूस वर्षभर करत असणार. दुसऱ्या प्रकारची मोजकी, आणि ‘सौजन्य’ ही ओळ बहुतेक तिथंच येत असेल.

सरकारदरबारी यातल्या बऱ्याचशा मदतीची नोंद होत नाही. मोठ्या कंपन्यांचं सामाजिक दायित्व कायद्यात लिहिलेलं आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्यांची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या घरात गेला, त्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. मग त्याचे अहवाल निघतात, अहवालांत झाडं लावणाऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो असतात. आपल्या दुकानदाराला यातलं काही लागू नाही. प्राप्तिकरात देणगीची सवलत आहे, पण ती पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीला. रात्री बारापर्यंत बसून केलेल्या मंडळाच्या कामाला ती मिळत नाही.

मग जाहिरात? हो, आहेच की. त्यात लपवण्यासारखंही काही नाही. फ्लेक्स यायच्या आधी कापडावर आणि भिंतींवर लिहिणारे पेंटरही खालच्या कोपऱ्यात तिरपी सही करायचे, आणि गावाला अक्षर आवडलं तर पुढचं काम त्या सहीवरूनच मिळायचं. पाणपोई ज्यानं उभारली त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आणि फलक ज्यानं केला त्याचं लहान, एवढा फरक दुकानदार स्वतःच राखतो. यात कुणाची फसवणूक होत नाही.

मला मात्र वाटतं, ज्या फलकावर दुकानाचं नाव नसतं तो तुम्ही पाहायला हवा.

रात्री अकराला फोन येतो. कुणाच्या तरी घरात माणूस गेलेलं असतं आणि सकाळी चौकात श्रद्धांजलीचा फलक लागायला हवा असतो. फोटो म्हणावा असा एकच, तोही पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातला, खांद्यावर व्याह्यांचा हात. तो चेहरा घोळक्यातून सोडवायचा, मागचा मांडव काढायचा, टोपीची कड सरळ करायची, पण चेहरा इतका गुळगुळीत करायचा नाही की घरच्यांनाही परका वाटावा. मग नावं. आधार कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं, आणि सगळं गाव ज्या नावानं हाक मारायचं ते तिसरंच. फलकावर तिसरं नाव कंसात नसेल, तर निम्म्या गावाला गेलेलं माणूस कोण ते कळतच नाही. खाली शोकाकुल म्हणून मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं यांचा क्रम. वेगळं राहणाऱ्या धाकट्याचं नाव घालायचं की नाही? हा प्रश्न रडणाऱ्या माणसाला विचारता येत नाही. उत्तर दुकानदाराला आधीच माहीत असावं लागतं. असल्या फलकाच्या कोपऱ्यात नाव टाकायचं नाही, एवढं ज्याला कळतं त्याचे पैसे अनेकदा तेराव्यानंतर येतात आणि कधी येतही नाहीत. तो मागायलाही जात नाही.

हे ज्ञान कोणत्याही ऑनलाइन तयार टेम्पलेटमध्ये नसतं. पुण्याहून कमी दरात फ्लेक्स छापून येईल, पण कुठल्या घरात कुठल्या काकांचं नाव आधी लिहायचं, हे पुण्याला ठाऊक नाही. अशा दुकानाच्या हार्ड डिस्कवर निम्म्या गावाचे चेहरे असतात. बारशापासून निवृत्तीपर्यंतचे, पक्ष बदलायच्या आधीचे आणि नंतरचेही. (म्हणून ती डिस्क कुणाच्या हाती लागते, याचीही काळजी त्यानं घ्यायला हवी. ती घेतली जाते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.)

तुमच्या जिल्ह्यात याला तुळजापूरची जोड आहे. शारदीय नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्यांत पायी चालणारे हजारोंनी असतात. सोलापूर ते तुळजापूर हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता रात्रभर वाहत असतो. वाटेवर मंडळं आणि गावकरी पाणी, चहा, फराळ देतात, पायांना तेल लावून देतात. सगळ्यात उपयोगाचे फलक इथं दिसतात आणि ते दिसायला सगळ्यात साधे असतात. एक बाण, ‘पाणी’ किंवा ‘दवाखाना’ एवढाच शब्द, पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर लाल. अंधारात, दमलेल्या माणसाला, चालता चालता वाचता आला पाहिजे. शिवाय येणाऱ्यांत कर्नाटकातले भाविक खूप असतात, म्हणून कन्नडही लागते. कन्नड न येणाऱ्या मराठी दुकानदारानं चुकीचं अक्षर छापलं तर त्याला ते दिसणारही नाही. अशा वेळी उमरगा किंवा नळदुर्गाकडचा, कन्नड वाचणारा ओळखीचा माणूस गाठून फोनवर फोटो दाखवावा लागतो. तो मजकूर डोळ्यांखालून घालतो तेव्हाच फाइल मशीनवर जाते. वाढदिवसाच्या बॅनरवर चाळीस चेहरे बसवण्यापेक्षा हे एका शब्दाचं काम मला जास्त अवघड वाटतं. त्याचे पैसे मात्र कमी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या नावाला धाराशिव हे रूप अधिकृतपणे मिळालं, तेव्हा या धंद्याला कामाचा पूर आला. लेटरहेड, शिक्के, पाट्या, ओळखपत्रं, शाळांची प्रमाणपत्रं. नाव बदलायचं म्हणजे एक शब्द खोडून दुसरा टाकायचा, एवढंच लोकांना वाटतं. जुना लोगो गोल असेल आणि त्यात ‘उस्मानाबाद’ ही पाच अक्षरं वळवून बसवलेली असतील, तर ‘धाराशिव’ टाकल्यावर गोल एका बाजूनं रिकामा दिसतो. मग सगळी मांडणी नव्यानं. छोट्या शाळा, वाचनालयं, भजनी मंडळं यांच्याकडं त्याचे पैसे कुठून असणार? असल्या कामांची फुकटात गणती होते आणि ती ‘सौजन्य’ म्हणून कुठं दिसत नाहीत.

आता दुसरी बाजू. गावाच्या कामी पडणं म्हणजे गाव म्हणेल ते छापणं नव्हे, आणि या धंद्याची खरी परीक्षा निवडणुकीत होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे प्रचाराच्या पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीचं सहीचं घोषणापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी, आणि छापल्यावर त्याची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं पाठवायची. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे एरवी जे नाव कोपऱ्यात हौसेनं येतं, ते इथं कायद्यानं यावं लागतं. रात्री उशिरा निनावी पत्रक घेऊन येणारा कार्यकर्ता शेजारचाच असतो, वर्षभराचं गिऱ्हाईक असतो. त्याला ‘नावाशिवाय छापणार नाही’ म्हणणं हे दहा रक्तदान शिबिरांच्या फलकांएवढं समाजकार्य आहे, असं माझं मत. किती जण म्हणतात, ते तुमच्या चौकातल्या गेल्या निवडणुकीच्या पत्रकांवरून तुम्हीच ताडा.

फ्लेक्सचंही तसंच. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. तरी चौक भरलेले असतात, आणि यात दुकानदाराचा वाटा नाही असं म्हणता येत नाही. वापरून झालेल्या फ्लेक्सची एक सोय मात्र मराठवाड्यानं आपसूक लावली आहे. काढणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की सोयाबीनच्या गंजीवर, कडब्यावर, गोठ्याच्या कुडावर हेच बॅनर चढतात. बॅनरवरचे साहेब जनतेच्या पाठीशी असतात की नाही, यावर वाद होऊ शकतो. सोयाबीनवर असतात, हे डोळ्यांनी दिसतं.

फुकट देण्याची साखळी तुमच्या दुकानदारापाशी सुरूही होत नाही. कोणे एके काळी त्याच्यासारख्यांचं सगळं काम श्रीलिपीसारख्या पॅकेजांवर चालायचं आणि ते विकत घ्यावं लागायचं. त्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. म्हणून फाइल देताना अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांचं चित्रच करून द्यायची सवय अजूनही टिकून आहे. आज त्याच्याकडं मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट बहुधा असतील. ते मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या छोट्या संस्थेनं केले आहेत. खुल्या परवान्यामुळं ते कुणालाही मोफत वापरता येतात, धंद्यासाठीसुद्धा. बलूची भावंडं गुजराती, तमिळ, कन्नड अशा लिप्यांतही आहेत, म्हणजे तुळजापूरच्या वाटेवरचा मराठी-कन्नड फलक एकाच वळणाच्या अक्षरांत होऊ शकतो. एका छोट्या डिझाइन संस्थेनं आपल्या भाषेच्या लोकांसाठी काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला पटकन सुचत नाही. आणि तिथं कोपऱ्यात नाव टाकायची सोयच नाही. ज्या फलकावर ती अक्षरं आहेत, तो वाचणाऱ्याला ती कुणी घडवली याचा पत्ताही नसतो.

तेव्हा तुमच्या दुकानदाराला समाजसेवक ठरवायची गरज नाही आणि जाहिरातबाज ठरवणंही अन्यायाचं होईल. तो गावात धंदा करतो आणि गावाची नड ओळखतो. त्याच्यासाठी काही करावंसं वाटत असेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत डिझाइनचा वेगळा आकडा खर्चात धरा, थोडा का होईना. मजकूर हातानं लिहून फोटो पाठवण्याऐवजी फोनवर टाइप करून पाठवा. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकला की बारीक होऊन जातो आणि बॅनरवर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर मूळ फाइल जाते. आणि प्रूफ आलं की ‘ओके’ लिहायच्या आधी नावं घरातल्या थोरल्या माणसाकडून वाचून घ्या, तारखेपुढचा वार कॅलेंडरशी ताडून पाहा.