राऊटर टेबल, कारागीर आणि सुरक्षितता : एका यंत्रातून अर्थशास्त्राचा धडा

विकासाच्या अर्थशास्त्रात यंत्रे व अवजारे म्हणजे भौतिक भांडवल आणि शिक्षण, कौशल्य व आरोग्य म्हणजे मानवी भांडवल, अशी विभागणी केली जाते. अभ्यासाच्या सोयीसाठी ती योग्यच आहे. सुताराच्या कामाच्या जागी मात्र ही दोन्ही भांडवले एकाच टेबलावर, एकमेकांपासून काही सेंटिमीटर अंतरावर असतात. एकाची मांडणी चुकली तर दुसरे कायमचे नष्ट होऊ शकते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर, प्रशिक्षणकाळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के सवलतीच्या दराने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. त्यामुळे विजेवर चालणारी अवजारे छोट्या कारागिराच्या आवाक्यात येत आहेत. परंतु यंत्र हाती येणे आणि ते सुरक्षितपणे हाताळता येणे, यांत अंतर आहे. राऊटर टेबलाच्या उदाहरणावरून ते समजून घेऊ.

यंत्राचे स्वरूप

लाकडात खाच किंवा झिरी पाडणे आणि कडेला गोलाई देणे ही कामे पूर्वी पटाशी व विशिष्ट रंध्यांनी होत. राऊटरमध्ये तीच कामे वेगाने फिरणारे पाते, म्हणजे बिट, करते. एरवी राऊटर हातात धरून लाकडावरून फिरवतात. राऊटर टेबलात तो टेबलाखाली उलटा बसवलेला असतो, बिट वर डोकावते आणि लाकूड त्यावरून सरकवले जाते. काम सफाईदार व एकसारखे होते. मात्र कारागिराचे दोन्ही हात बिटाच्या दिशेने जातात.

धोक्याचे मूळ वेगात आहे. १२ मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २४,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर असतो. त्याच फेऱ्यांवर ७५ मिलिमीटर व्यासाचे बिट लावल्यास हा वेग सुमारे ९४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३४० किलोमीटर होतो. म्हणून मोठ्या बिटासाठी फेरे १०,००० च्या आसपास उतरवावे लागतात. वेग कमी करण्याची सोय नसलेल्या राऊटरवर असे बिट लावूच नये.

मांडणी

टेबल जड, सपाट व न हलणारे असावे. राऊटर बसवलेली पट्टी टेबलाच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समतल हवी; ती किंचित वर-खाली असल्यास लाकूड तेथे अडते आणि जोर लावणारा हात पुढे निसटतो. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. बिटाच्या दांड्याचा किमान तीन-चतुर्थांश भाग कोलेटमध्ये जावा. मात्र तो तळाला टेकवू नये, दोन-तीन मिलिमीटर वर घेऊन आवळावा.

मागील आधारपट्टीच्या दोन्ही बाजू एका रेषेत व टेबलाशी काटकोनात असाव्यात. बिटाभोवतीची फट शक्य तितकी लहान ठेवावी. स्विच समोर, सहज हात पोहोचेल असा हवा. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्विच असल्यास उत्तम. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या ऐच्छिक गोष्टी मानू नयेत.

वापर

वरून पाहता टेबलातील बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून आधारपट्टीला टेकवलेले लाकूड उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध सरकवावे. उलट दिशेने नेल्यास बिट लाकूड स्वतःच खेचून घेते आणि त्यासोबत हातही ओढला जाऊ शकतो. लाकूड बिट आणि आधारपट्टी यांच्या मधल्या जागेतून कधीही नेऊ नये. ते तेथे अडकून वेगाने फेकले जाते.

खोल खाच एका दमात न पाडता थोडी थोडी, साधारण तीन-तीन मिलिमीटर, वाढवत न्यावी. लाकूड दाबून धरण्यासाठी दात्यांची दाबपट्टी आणि पुढे नेण्यासाठी ढकलपट्टी वापरावी. लहान तुकडा थेट बोटांनी धरून चालवू नये. मोठ्या फळीवर आकार देऊन नंतर तुकडा कापावा. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण हवे. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण ते बिटात गुंततात. सैल बाह्या आणि गळ्यातील माळ यांनाही हाच नियम लागू आहे.

भुसा हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केली. त्यामुळे धूळ ओढणारे यंत्र व योग्य मुखपट्टी आवश्यक ठरतात.

देखभाल

उलट्या बसवलेल्या राऊटरच्या मोटारीत भुसा सतत पडतो. त्याची छिद्रे नियमित स्वच्छ करावीत. कोलेटमध्ये साठलेली राळ बिटाची पकड सैल करते. बोथट बिट लाकूड कापण्याऐवजी जाळते आणि कारागिराला अधिक जोर लावायला भाग पाडते. झिजलेले कोलेट आणि तडा गेलेले बिट टाकून द्यावे. येथील काटकसर महाग पडते.

अपघाताचा खर्च कोणाचा?

वरील बहुतेक उपायांना पैशापेक्षा वेळ अधिक लागतो. तरीही ते टाळले जातात, कारण नगावर मजुरी असेल तर सुरक्षिततेसाठी गेलेली प्रत्येक मिनिट थेट उत्पन्नातून वजा होते. लाभ आज दिसतो, धोका उद्याचा वाटतो. अपघाताचा खर्च मात्र माल घेणारा व्यापारी नव्हे, तर कारागीर व त्याचे कुटुंब सोसते. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत ती हीच.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याची तरतूद होती. परंतु वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असल्यासच ती जागा 'कारखाना' ठरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखान्यासाठी ही मर्यादा २० कामगारांची आहे. १० कामगारांची आस्थापना सर्वसाधारणपणे संहितेच्या कक्षेत येते. दोन-तीन माणसांची सुतारशाळा बहुधा या मर्यादेच्या बाहेरच राहते.

नुकसानभरपाईचेही तसेच. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमावण्याच्या क्षमतेतील घट ३० टक्के मानली गेली. सुतारासाठी प्रत्यक्ष घट याहून मोठी असू शकते. शिवाय भरपाई मालकाकडून मिळते. विश्वकर्मा योजनेचा लाभार्थी स्वयंरोजगारित असल्याने तो भरपाई मागणार कोणाकडे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपये हप्त्यावर एक हात किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. केवळ बोट गमावणे त्या व्याख्येत बसत नाही.

समारोप

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कामाचे वातावरण हे कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत समाविष्ट केले. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्येही कामाच्या न्याय्य व मानवीय परिस्थितीची तरतूद करण्याचे निर्देश आहेत. कायद्याची निरीक्षणव्यवस्था जेथे पोहोचत नाही, तेथे प्रशिक्षण हेच मुख्य साधन उरते. म्हणून अवजार देणाऱ्या योजनेचे मूल्यमापन किती संच वाटले यावरून नव्हे, तर पाच वर्षांनंतर किती कारागीर दहाही बोटांनी काम करीत आहेत, यावरून व्हावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भौतिक व मानवी भांडवल यांतील परस्परसंबंध असंघटित क्षेत्रातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कामगारसंख्येवर आधारित कायदेशीर मर्यादांचे लाभ व तोटे सांगा.
३. स्वयंरोजगारित कारागिरांसाठी अपघात-संरक्षणाची कोणती रचना योग्य ठरेल? चर्चा करा.