जीव घाबरला की आधी बोट टोच

काल फोनवर म्हणालीस, "ताई, दुपारी एकदम हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला. हे म्हणतात, तू उगाच टेन्शन घेतेस." तेव्हापासून तुझा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. हातातलं काम ठेव बाजूला आणि माझं ऐक.

मलाही डायबेटिस होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. संकष्टीचा उपास. सकाळची शुगरची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवस चहावर काढला. संध्याकाळी मंडईत डोळ्यांपुढे अंधारी आली. भाजीवाल्या मावशींनी पोत्यावर बसवून साखरपाणी पाजलं. घरी येऊन मोजली, तरी 64!

त्या दिवसापासून जी धास्ती बसली, ती कुणाला सांगितली नाही. बाहेर पडताना दोन बिस्किटं, झोपताना गोड दूध. कमी होण्यापेक्षा जास्त असलेली बरी, असं मनाशी म्हणायचे. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 9च्या वर गेली. डॉक्टर पथ्याबद्दल बोलत राहिले, मी मान हलवत राहिले. शेवटी एकदा रडूच फुटलं, "डॉक्टर, मला भीती वाटते हो." तेव्हा कुठे त्यांनी गोळी बदलली आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं. एवढं एक वाक्य बोलायला मी वर्ष घालवलं गं.

शुगर खाली गेली की शरीर ॲड्रिनॅलिन सोडतं. आपण घाबरलो तरी तेच सोडतं. म्हणून धडधड तीच, घाम तोच, थरथर तीच. बाहेरून बघणाऱ्याला काय, आपल्यालासुद्धा फरक कळत नाही. तो मीटरच सांगतो. म्हणून आधी बोट टोच. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, 15 मिनिटांनी पुन्हा मोज. तेव्हाही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. सावरलीस की पोळीभाजी खा. बिस्किट-चॉकलेटवर विसंबू नकोस, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता साखर घे.

आणि आकडा चांगला आला तर? तरी "उगाच" म्हणू नकोस. बरेच दिवस शुगर जास्त राहिलेली असली, की ती जागेवर येतानाही शरीराला कमी झाल्यासारखी वाटते. किंवा ती खरोखर मनाची घालमेल असेल, तिलाही उपचार आहेत. मात्र छातीवर दाब आला, धाप लागली, तर अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

उलटंही होतं बरं का. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या आठवड्यात गोडाचा कण माझ्या तोंडात गेला नव्हता, तरी उपाशीपोटी 180! घरच्यांना वाटलं, चोरून खाल्लं असणार. काळजीनं शरीरातली कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मग तो आकडा बघून काळजी आणखी वाढते. त्यात आपला गुन्हा काही नाही. आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत गं, आज शरीरात काय चाललंय त्याची ती खबर.

एवढं कर. वहीत शुगरच्या आकड्यापुढे एक ओळ लिही: झोप कशी झाली, काय खाल्लं, मनात काय होतं. महिनाभरात तुझं तुलाच दिसेल. गोळ्या मनानं कमी-जास्त करू नकोस. धडधडीसाठी कुणी गोळी दिली, तर डायबेटिस असल्याचं आधी सांग; अशा काही गोळ्यांनी शुगर कमी झाल्याची धडधड कळेनाशी होते. रात्री फारच जड गेलं तर 14416 लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीतून बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि मी आहेच, कितीही वाजलेले असोत.

भाऊजींना मी समजावीन. त्यांनाही भीतीच वाटत असणार, ती रागातून बाहेर पडते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी तुझ्यासोबत येते. रिपोर्टच्या फायलीवर आपण आधीच एक चिठ्ठी लावून ठेवू, "मला भीती वाटते." तुला बोलता आलं नाही, तर मी वाचून दाखवीन.