उसना वेळ : अणुबॉम्बच्या वाटेवरचे घातपात

अणुबॉम्ब म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो आकाशात चढत जाणारा धुराचा लोट. पण त्या लोटाच्या आधी कित्येक वर्षं जे चालू असतं, ते आपल्या चांगल्याच ओळखीचं असतं. टाक्या, व्हॉल्व्ह, मोटारी, पाइपलाइन, पॅनेल, लॉगबुक आणि रात्रपाळीचा ऑपरेटर. थोडक्यात, एक कारखाना. आणि कारखाना म्हटला की तो जसा बंद पडतो, तसा मुद्दाम बंद पाडताही येतो. शत्रूच्या हाती बॉम्ब लागू नये म्हणून त्याचा कारखाना गुपचूप बिघडवून ठेवायचा, हा उद्योग ऐंशीहून अधिक वर्षं चालत आलेला आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर अशा सगळ्याच शाखांचा त्याला हात लागलेला आहे. म्हणून हा विषय आपल्या अंकासाठी घ्यावासा वाटला.

प्रश्न साधाच आहे. अशा घातपाताने बॉम्ब थांबतो का? वाचता वाचता माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो : थांबत नाही, लांबतो. घातपाताने मिळतो तो फक्त वेळ, आणि तोही उसना. तो कशासाठी वापरला आणि त्याची परतफेड कोणी केली, हे पाहिल्याशिवाय घातपात यशस्वी झाला की फसला, ते ठरवता येत नाही.

घाव नेमका कुठे?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरला आपण सगळेच ‘क्रिटिकल पाथ’ काढतो. या वाटेवरचं एखादं काम एक दिवस रेंगाळलं, की सगळा प्रकल्प एक दिवस रेंगाळतो. अणुबॉम्बच्या बाबतीत ही वाट बहुतेक वेळा मालाच्या कोठारातून जाते. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. बाकीचं जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. मग दोन मार्ग उरतात. एक तर २३५ चं प्रमाण वाढवत न्यायचं, किंवा अणुभट्टी चालवून २३८ पासून प्लुटोनियम तयार करायचं. दोन्ही मार्गांवर एखादी वस्तू अशी असते की ती मिळवायला वर्षं लागतात आणि ती बाजारात विकत मिळत नाही. घातपात करणारा नेमकी तीच वस्तू शोधतो.

नॉर्वेतलं जड पाणी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या वाटेवर ही वस्तू होती जड पाणी. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा वेग कमी करायला मंदक लागतो. ग्रॅफाइट चालतं किंवा जड पाणी. १९४१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर बोथे यांच्या मोजमापात ग्रॅफाइट नापास झालं. दोष ग्रॅफाइटमधल्या अशुद्धतेचा होता, पण जर्मनांनी ग्रॅफाइटच सोडून दिलं आणि सगळी भिस्त जड पाण्यावर ठेवली.

साध्या पाण्यात हायड्रोजनच्या साधारण ६,४०० अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा असतो. विजेने पाण्याचं विघटन केलं की हलकं पाणी आधी फुटतं आणि जड पाणी मागे उरतं. हेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. यासाठी वीज लागते ती अफाट. नॉर्वेमधल्या र्‍यूकान गावाजवळ वेमोर्क इथे नॉर्स्क हायड्रो कंपनीचं जलविद्युत केंद्र होतं. तिथे खतासाठी हायड्रोजन काढत आणि १९३४ पासून जोडधंदा म्हणून जड पाणीही. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला आणि हा जोडधंदा युद्धाचा विषय झाला.

पहिला घातपात अगदी स्वयंपाकघरातला म्हणावा असा होता. प्लांटचे मुख्य अभियंता योमार ब्रून यांनी सेलमधल्या द्रावणात चोरून एरंडेल तेल घालायला सुरुवात केली. द्रावण फेसाळायचं आणि उत्पादन मंदावायचं. बघणाऱ्याला वाटावं, मेंटेनन्सची कटकट आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९४२ च्या अखेरीस ब्रून प्लांटची माहिती घेऊन ब्रिटनला पोहोचले. तिथे प्रा. लाइफ ट्रोनस्टा होते. प्लांटच्या उभारणीत या दोघांचा मोठा वाटा होता, आणि तो मोडण्याचा आराखडा काढायलाही आता हेच दोघे बसले.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिशांनी दोन ग्लायडरमधून सैनिक पाठवले. दोन्ही ग्लायडर कोसळले. अपघातातून वाचलेल्यांना जर्मनांनी पकडून ठार केलं. विमानातल्यांसह ४१ जण गेले. त्यानंतर आली नॉर्वेजियन तरुणांची तुकडी. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ जण पहाऱ्याचा पूल टाळून बर्फातून दरीत उतरले, नदी ओलांडून पलीकडचा कडा चढले आणि रेल्वेच्या रुळांवरून कारखान्याशी पोहोचले. तुकडीचा प्रमुख योआकिम र्‍यॉनेबर्ग तेव्हा २३ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठा. तो आणि त्याचा एक साथीदार केबलच्या बोगद्यातून सरपटत तळघरात शिरले. आतल्या नॉर्वेजियन रखवालदाराने स्फोटाआधी काय मागितलं असेल? आपला चष्मा. युद्धात नवा मिळणं मुश्कील होतं. तो त्याला शोधून दिला गेला. मग १८ सेल उडाले, सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेलं आणि एकही माणूस मेला नाही. जाताना त्यांनी एक ब्रिटिश बनावटीची खूण मागे ठेवली, म्हणजे सूड गावकऱ्यांवर निघू नये.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण जर्मनांनी काही महिन्यांतच प्लांट पुन्हा चालू केला. १६ नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकेची शंभराहून अधिक बॉम्बर विमानं आली. वीसहून जास्त नॉर्वेजियन नागरिक मेले, तळघरातले सेल मात्र शाबूत राहिले. नऊ जणांनी जे साधलं ते एवढ्या विमानांना साधलं नाही. तरी जर्मनांनी उरलेला साठा जर्मनीला हलवायचं ठरवलं. वाटेत टिन सरोवर होतं आणि ते ओलांडायला ‘हायड्रो’ नावाची प्रवासी फेरीबोट. क्नुट हाउकेलीड आणि त्याच्या साथीदारांनी बोटीच्या तळाशी टाइमबॉम्ब लावला. मुद्दाम रविवार निवडला, कारण त्या दिवशी गर्दी कमी. पण ‘कमी’ म्हणजे शून्य नव्हे. आधी त्यांनी लंडनला विचारून घेतलं होतं की हे खरोखर एवढं गरजेचं आहे का. उत्तर ‘हो’ असंच आलं. प्रवाशांना सावध करावं तर बेत फुटणार. २० फेब्रुवारी १९४४ रोजी बोट बुडाली. १८ जण गेले, त्यांतले १४ त्यांचेच देशबांधव.

आता यातला सगळ्यात बोचरा भाग. युद्धानंतर कळलं की जर्मनीने १९४२ च्या मध्यालाच बॉम्बचा मोठा कार्यक्रम बाजूला ठेवला होता. १९४५ मध्ये हाइगरलोख इथे सापडलेली त्यांची प्रायोगिक भट्टी एकदाही स्वतःच्या बळावर पेटली नव्हती. जड पाणी अपुरं पडलं हे खरं, म्हणजे घाव बरोबर जागी बसला होता. पण जो बॉम्ब येणारच नव्हता, त्याच्यासाठी ती १४ माणसं गेली. हाउकेलीडला १९४४ मध्ये हे कळणं शक्य नव्हतं. घातपाताचा हिशेब असाच असतो. किंमत आज रोख मोजायची आणि फायदा झाला की नाही ते युद्धानंतरच्या कागदपत्रांत बघायचं.

नतान्झचा व्हायरस

आता येऊ इराणमध्ये. इथली वाट युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवण्याची, आणि यंत्र सेंट्रिफ्यूज. युरेनियम हेक्साफ्लोराइड वायू एका उभ्या नळीत भरून ती भन्नाट वेगाने फिरवतात. जड रेणू भिंतीकडे जातात, हलके मध्याकडे राहतात. एका यंत्रात पडणारा फरक किरकोळ, म्हणून हजारो यंत्रं मालिकेत जोडतात.

नतान्झमधल्या आयआर-१ जातीच्या यंत्राच्या मोटारीला मिळणारी वारंवारता होती १,०६४ हर्ट्झ. ६० ने गुणा : मिनिटाला सुमारे ६४,००० फेरे. नळीचा व्यास साधारण १० सेंटीमीटर धरला तर भिंतीचा वेग सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, म्हणजे जवळपास आवाजाचा वेग. एवढ्या वेगावर धातूला फारशी सवड उरत नाही.

जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका अँटिव्हायरस कंपनीला एक विचित्र व्हायरस सापडला. त्याचं नाव पडलं स्टक्सनेट. नतान्झची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती, पण पेन ड्राइव्हला कुठली भिंत अडवते? होस्टेलमध्ये एका रूममधून दुसऱ्या रूममध्ये व्हायरस कसा पोहोचतो ते आपल्याला सांगायला नको. हा व्हायरस हजारो कॉम्प्युटरवर पसरला. सिमँटेकच्या त्या वेळच्या आकडेवारीत इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ तिसरा नंबर भारताचा होता. पण आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर तो नुसता बसून राहिला, कारण तो शोधत होता सीमेन्सचे ठरावीक पीएलसी आणि त्यांना जोडलेले ठरावीक बनावटीचे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर.

ते सापडले की तो आधी बरेच दिवस गप्प राहून निरीक्षण करायचा. मग वारंवारता १५ मिनिटांसाठी १,४१० हर्ट्झवर न्यायचा. अपकेंद्री ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळपास पाऊणपट जास्त ताण. नंतर सुमारे २७ दिवस पुन्हा शांतता. मग यंत्र जवळजवळ थांबेल इतकं खाली, २ हर्ट्झवर, ५० मिनिटं. आपण लॅबमध्ये व्हर्लिंग ऑफ शाफ्टचा प्रयोग करतो. क्रिटिकल स्पीडमधून जाताना शाफ्ट कसा थरथरतो ते आठवा.

व्हायरसचा आणखी एक भाग व्हॉल्व्ह बंद करून यंत्रातला दाब वाढवायचा. त्याने सेन्सरची नेहमीची रीडिंग २१ सेकंद रेकॉर्ड करून ठेवलेली असायची आणि हल्ला चालू असताना तीच पुन्हा पुन्हा दाखवली जायची. आत यंत्र गुदमरतंय आणि समोर पडद्यावर सगळं आलबेल.

इथे एरंडेल तेल आठवतं का? युक्ती तीच. यंत्र असं बिघडवायचं की दोष यंत्राचा वाटावा, नाहीतर ते चालवणाऱ्याचा. वृत्तपत्रांतल्या माहितीप्रमाणे इराणी अधिकाऱ्यांचा संशय आधी निकृष्ट सुट्या भागांवर आणि स्वतःच्याच अभियंत्यांवर गेला होता. इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना आपण गृहीत धरतो की मीटर थोडा चुकेल, पण खोटं बोलणार नाही. स्टक्सनेटनंतर ते गृहीतक राहिलं नाही. म्हणून सुरक्षेसाठीचा एक तरी सेन्सर, एक तरी ट्रिप मुख्य कंट्रोलरपासून पूर्ण स्वतंत्र हवा, हे पुस्तकातलं वाक्य आता मला निराळं दिसतं.

हिशेब काय निघाला?

या व्हायरसमागे अमेरिका आणि इस्रायल असल्याचं २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. दोन्ही देशांनी अधिकृत कबुली दिली नाही. त्या काळात नतान्झमध्ये सुमारे ९,००० सेंट्रिफ्यूज बसवलेले होते. त्यांतले सुमारे १,००० बदलावे लागले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण २०१३ पर्यंत इराणकडच्या सेंट्रिफ्यूजची संख्या १९,००० च्या घरात गेली होती. मोडलेलं यंत्र पुन्हा बनवता येतं, कारण ते बनवण्याचं ज्ञान माणसांच्या डोक्यात असतं. हे ओळखून पुढे माणसांवरच घाव पडू लागले. २०१० ते २०१२ या काळात तेहरानमध्ये अनेक इराणी शास्त्रज्ञ मारले गेले. माझ्या मते इथे घातपाताची हद्द संपते आणि खून सुरू होतो.

११ एप्रिल २०२१ रोजी नतान्झचा वीजपुरवठा एका घातपातात तुटला. तोवर इराण २० टक्क्यांपर्यंत समृद्ध युरेनियम करत होता. दोनच दिवसांत त्याने ६० टक्क्यांची घोषणा केली आणि ती अमलातही आणली. म्हणजे यंत्रं मागे गेली आणि इरादा पुढे सरकला.

याउलट जुलै २०१५ च्या करारानुसार इराणने सेंट्रिफ्यूज १९,००० वरून सुमारे ६,००० वर आणले, समृद्धी ३.६७ टक्क्यांवर बांधून घेतली आणि अराकच्या जड पाण्याच्या भट्टीचा गाभा काँक्रीटने भरून टाकला. एकाही स्फोटाशिवाय, निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर. घातपाताने मिळालेला वेळ वाटाघाटींच्या कामी आला असं काही जण म्हणतात, आणि ते खोटं नसावं. पण मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, पुढच्या वर्षापासून इराणनेही मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि जून २०२५ मध्ये इस्रायलने व अमेरिकेने नतान्झ, फोर्दो, इस्फहानवर उघड बॉम्बहल्ले केले. जिथे आधी चोरून घाव घातले, तिथेच शेवटी विमानं न्यावी लागली. उसन्या वेळाचं काय झालं, याचं उत्तर त्यात आहे.

तेव्हा ‘एक व्हायरस टाकला आणि बॉम्ब थांबवला’ अशी फुशारकी कुठे वाचलीत तर तीन गोष्टी विचारा. किती वेळ मिळाला? त्या वेळात कोणी काय केलं? आणि किंमत कोणी मोजली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभियंता देऊ शकतो, दुसऱ्याचं राजकारण्यांनी द्यायचं असतं. तिसऱ्याचं उत्तर टिन सरोवराच्या तळाशी आहे, ४०० मीटरहून खोल, एका फेरीबोटीत.