शिकवलेला कुत्रा रात्री घरात लघवी करू लागल्यास

शेतावरील वस्तीस राखणदार कुत्र्याची गरज असते, हे कोणत्याही शेतकऱ्यास पटवून द्यावे लागत नाही. पूर्वापार हा कुत्रा रात्री अंगणात, खळ्यावर अथवा गोठ्याच्या तोंडाशी मोकळा असे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांसारख्या तालुक्यांत मात्र उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो, आणि कुत्रा हे त्याचे सहज हाती लागणारे भक्ष्य होय. त्यामुळे दिवेलागणीनंतर कुत्र्यास पडवीत किंवा माजघरात घेऊन दार लावणे कुटुंबास भाग पडते. अशा वेळी वर्षानुवर्षे घर न विटाळणारा कुत्रा पहाटे दाराशी थारोळे करून ठेवतो व घरातील माणसे संतापतात.

संतापाच्या भरात कुत्र्याचे नाक त्या जागी घासणे, त्यास काठीने झोडपणे किंवा दूरच्या बाजारगावी नेऊन सोडून देणे, असे प्रकार घडतात. रात्री केलेल्या लघवीचा आणि सकाळच्या माराचा संबंध कुत्र्यास जुळवता येत नाही. तो फक्त माणसास भितो आणि पुढे लपून, कणगीच्या मागे लघवी करू लागतो. शिवाय जनावरास निर्दयपणे मारणे किंवा ते उपाशी-तहानलेले राहील अशा रीतीने सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. शिकवलेल्या कुत्र्याची सवय एकाएकी मोडली, तर त्यामागे बहुधा दिनक्रमातील बदल किंवा शरीरातील बिघाड असतो. यांपैकी काय आहे, हे घरच्या घरीच पुष्कळसे ओळखता येते.

लघवी कोठे आढळली ते प्रथम पाहावे. ती दाराशी असेल, तर कुत्र्याने बाहेर जाण्याची खटपट केली परंतु दार उघडले गेले नाही, असे समजावे. खांब, गाडीचे चाक, धान्याची पोती यांवर थोडी थोडी उडवलेली असेल, तर तो नराचा हद्द आखण्याचा प्रकार होय. जवळपास कुत्री माजावर आली असता तो वाढतो, आणि नसबंदीने बहुतेक वेळा कमी होतो. निजण्याचे पोतेच ओले असेल, पोटाखालचे केस भिजलेले असतील आणि कुत्र्यास त्याची दादही नसेल, तर मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडला असण्याचा संभव असतो. नसबंदी झालेल्या, वय झालेल्या कुत्रीत हे विशेष आढळते. यात तिचा दोष यत्किंचितही नसतो व औषधाने पुष्कळदा चांगला गुण येतो.

दुसरी तपासणी पाण्याची. निरोगी कुत्रा दिवसरात्र मिळून दर किलो वजनामागे साधारणतः 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे 15 किलो वजनाच्या कुत्र्यास पाऊण ते एक लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात अथवा कोरडी भाकरी खाल्ल्यावर यापेक्षा काहीसे अधिक लागते. सकाळी मोजून पाणी ठेवावे, दिवसभरात घातलेले पाणी त्यात मिळवावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले वजा करावे. असे तीन दिवस करावे. या काळात कुत्र्यास ओढ्यावर किंवा गुरांच्या हौदावर पाणी पिऊ देऊ नये, नाहीतर मोजणी व्यर्थ जाते. याच कुत्र्याचे पाणी रोज दीड लिटरच्या वर जात असेल, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा तत्सम रोगाची शंका घ्यावी. खाजेसाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन वा गोळ्या दिल्या असतील, तर त्यांनीही तहान व लघवी वाढते. ही गोष्ट पशुवैद्यकास आवर्जून सांगावी, कारण ती सांगण्याचे राहून जाते. लघवी थांबावी म्हणून पाणी तोडणे हा उपाय नव्हे. मूत्रपिंड बिघडलेल्या जनावराचा त्याने प्राणही जाऊ शकतो.

काही लक्षणांत दिरंगाई चालत नाही. नर कुत्रा वारंवार पाय उचलतो, कुंथतो, पण थेंबही पडत नाही, अशा वेळी खडा अडकलेला असू शकतो व त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. नसबंदी न झालेली कुत्री माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली व मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. स्राव दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. लघवीत रक्त किंवा थोडी थोडी लघवी वरचेवर होणे ही मूत्राशयाच्या दाहाची खूण असते. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्यास कदापि देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या औषधाने त्याच्या जठरास व मूत्रपिंडास गंभीर इजा होते.

येथवर कुत्र्याचा विचार झाला. परंतु ओल्या जमिनीचा प्रश्न कुटुंबाच्याही आरोग्याशी निगडित आहे. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर, गुरे व कुत्री यांच्या लघवीतून पसरतो. त्याचे जंतू भेगाळलेल्या वा कापलेल्या त्वचेतून आणि डोळे, नाक, तोंड यांच्या आतील नाजूक आवरणातून माणसाच्या शरीरात शिरतात. ओलाव्यात ते अनेक दिवस टिकतात, तर कोरड्या उन्हात लवकर मरतात. बाधित कुत्र्यास ताप, ओकारी, अन्नावर वासना नसणे व कावीळ ही लक्षणे होतात, पण काही वेळा वरकरणी काहीच न दिसता त्याच्या लघवीतून जंतू जात राहतात. मुले सतरंजीवर निजतात आणि घरातील स्त्री उघड्या हातांनी जमीन सारवते, तेथे हा धोका क्षुल्लक मानता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा मुद्दा स्त्रियांपर्यंत मुद्दाम पोहोचवावा.

जमीन साफ करताना हातांत रबरी मोजे अथवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. शेणाने सारवलेली जमीन लघवी शोषून घेते. त्यावरून नुसता ओला पोतेरा फिरवल्याने ओल पसरते, वास मात्र तसाच राहतो आणि कुत्रा पुन्हा त्याच जागी येतो. म्हणून वरचा ओला थर खरवडून पुरावा, नवी माती चोपून बसवावी व मगच सारवावे. फरशी असल्यास लघवी राखेने टिपून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पुष्कळ साधे पाणी ओतावे. त्यानंतर ब्लीचिंग पावडरचे पाणी दहा मिनिटे राहू देऊन पुन्हा धुवावे. हे पाणी थेट लघवीवर ओतू नये, कारण त्यातून डोळ्यांस व श्वासास झोंबणारा वायू निघतो. कुत्र्याची पोती रोज उन्हात घालावीत. कुत्र्यास रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी टोचून घ्यावी. दुसऱ्या लशीच्या पहिल्या वर्षी दोन मात्रा लागतात.

कुत्रा निरोगी ठरल्यास दिनक्रम सुधारावा. त्याचे संध्याकाळचे खाणे माणसांच्या जेवणानंतर उरलेसुरले टाकून न होता सूर्यास्तापूर्वी व्हावे. खारवलेली मासळी किंवा मीठ घातलेले कालवण दिल्यास तो रात्रभर पाणी पितो. खाण्यानंतर, उजेड असतानाच, त्यास दोरीने धरून ठरलेल्या जागी न्यावे व लघवी होताच शाबासकी देऊन भाकरीचा तुकडा द्यावा. निजण्यापूर्वीची फेरी अंगणाबाहेर नसावी. बिबट्याच्या भागात ती दिव्याच्या उजेडात, कुंपणाच्या आत, दोन माणसांनी मिळून करावी आणि कुत्रा दोरीवरून सोडू नये. हे शक्य नसेल तेथे पडवीत जाळी लावून एका कोपऱ्यात मातीचे उथळ खोके ठेवावे. कुत्र्याने पूर्वी लघवी केलेल्या जागेची थोडी माती त्यात मिसळल्यास त्यास खूण पटते. म्हातारा कुत्रा एवढ्या खबरदारीनंतरही सारी रात्र दम धरू शकेलच असे नाही. त्यास हे खोके कायमचे द्यावे. पावसाच्या सरीत अथवा दिवाळीच्या फटाक्यांत बाहेर जाण्यास कुत्रे कचरते, त्या दिवसांतही खोके उपयोगी पडते.

दोन आठवड्यांत फरक न पडल्यास किंवा वर सांगितलेले कोणतेही लक्षण दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. जाताना पाण्याच्या मोजणीचा कागद व सकाळची पहिली लघवी सोबत न्यावी. कुत्रा लघवीस बसताच लांब दांड्याची स्वच्छ पळी मागून सरकवून ती धरावी, उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत ओतावी आणि शक्यतो दोन तासांच्या आत पोहोचवावी. ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.