‘कुत्र्याची छत्री’ आणि शेतावरील कुत्रा

पावसाळ्यात गवतात, उकिरड्यावर व कुजलेल्या ओंडक्यांवर उगवणाऱ्या रानटी अळंबीस मराठीत ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात. नावाचा उगम काहीही असो, राखणीच्या व पाळीव कुत्र्यांना तिच्यापासून असलेला धोका मात्र खरा आहे. कुत्रा वस्तूची ओळख तोंडाने करून घेतो. पिल्ले तर दिसेल ते चघळतात.

अळंबी खाल्ल्यानंतर किती वेळाने लक्षणे दिसतात, यावरून विषाच्या स्वरूपाचा अंदाज येतो. हिरवळीवर उगवणाऱ्या, मोठ्या पांढऱ्या छत्रीच्या व पक्व झाल्यावर खालचे पडदे हिरवट होणाऱ्या क्लोरोफायलम जातीमुळे एक ते तीन तासांत ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. वेळेवर सलाइन मिळाल्यास बहुतेक जनावरे बरी होतात. इनोसायबीमुळे त्याहूनही लवकर लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते व नाडी मंदावते. यावर पशुवैद्यक ॲट्रोपीन देतात.

अधिक भय ॲमॅनिटाच्या काही जातींचे आहे. त्यांतील ॲमाटॉक्सिन यकृतपेशींची प्रथिननिर्मिती थांबवते. सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही; नंतर ओकाऱ्या, जुलाब होतात व पुढे कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. नेमके याच काळात यकृत निकामी होत असते आणि त्यानंतर कावीळ, रक्तस्राव व बेशुद्धी येते. खात्रीचा उतारा नसल्याने लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उपचाराची वेळ गमावणे होय. शिजविल्यानेही हे विष नष्ट होत नाही. म्हणून रानटी अळंबीचे उरलेले कालवणही कुत्र्यास घालू नये.

कुत्र्याने अळंबी खाल्ल्याचा संशय येताच तोंडातील तुकडे काढावेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे हा गावोगावचा उपाय स्वतःच विषबाधा घडवू शकतो. दूध व तेलही पाजू नये. अळंबीचा बुंध्यासह नमुना कागदात गुंडाळून (प्लॅस्टिकमध्ये तो लवकर सडतो), खाल्ल्याची वेळ लिहून तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. सुरुवातीलाच सक्रिय कोळसा दिल्यास विषाचे शोषण घटते.

छत्र्या उपटल्या तरी जमिनीतील कवकजाल टिकून राहते. त्यामुळे पावसाळ्यात कुत्रा मोकळा सोडण्यापूर्वी रोज सकाळी अंगण पाहावे लागते. धिंगरी उत्पादकांनी वापरून झालेल्या पिशव्यांतील काड बांधावर न टाकता कंपोस्ट खड्ड्यात मातीने झाकावे. त्यावर अनोळखी छत्र्या हमखास उगवतात.